तोफेनं मान टाकली तो उन्हाळा

कूलर गच्चीवरच्या खोलीतून खाली आला की आमच्या घरी उन्हाळा लागला असं समजायचं. पंचांग काहीही म्हणो. यंदाही होळीची राख थंड होते न होते तोच तो खाली आला. ह्यांनी तो खिडकीशी सरकवला, मी जाळ्यांमधलं जुनं कुजकं गवत उपसून नवं भरलं, पंप लावला. पहिल्या ओल्या वाऱ्याबरोबर भिजल्या गवताचा आणि गंजाचा तो वास घरभर झाला. मग मी पदराला हात पुसले आणि खिडकीतला रणगाडा उचलून फ्रिजवर नेऊन ठेवला. कूलरच्या झोतात त्याचे बारीक भाग टिकत नाहीत. हे काम दरवर्षी माझं. दुसऱ्या कुणाला मी त्याला हात लावू देत नाही.

वीतभर लांबीचा रणगाडा आहे. हिरवा, म्हणजे हिरवा असावा अशी अपेक्षा. चंद्रपूरच्या हवेत कुठलाही रंग दोन उन्हाळ्यांत काळसर होतो. एक बाजू किंचित फुगलेली, तोफ जरा जास्तच सडपातळ. पाहुणे विचारतात, मुलानं केला का? आम्हाला मुलगा नाही. मी केला, असं सांगितलं की ते हसतात, आणि मी हसत नाही हे लक्षात आल्यावर थांबतात.

मी नर्स. इथल्या सरकारी दवाखान्यात अर्धं आयुष्य गेलं. हा रणगाडा झाला त्या वर्षी माघात ड्यूटीवरून परतताना, कोळशाच्या ट्रकमधून सांडलेल्या चुरीवर माझी स्कूटी घसरली. ही चुरी आमच्या रस्त्यांवर कायमचीच, आणि तिच्यावरून मी वर्षानुवर्षं गाडी चालवत आले होते. त्या दिवशी मात्र चाक सरकलं, मी उजव्या हातावर पडले आणि मनगट दोन ठिकाणी मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात माझाच होता, पण ओळख द्यायला तयार नव्हता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटायचे, पण भेटताना थरथरायचे.

माझं सगळं कसब त्याच दोन बोटांत होतं. आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांमध्ये अडकतात, आणि सांध्यासांध्यात कळा सुटतात. मग दवाखाना, मग सलाईन. लहानपणापासून टोचून घेतलेल्या त्या हातांवर शीर सापडत नाही. सापडली तर सुई पाहून बाजूला पळते. वॉर्डात अशी वेळ आली की कुणीतरी हाक मारायचं, रेखाताईंना बोलवा. मी जायचे, डोळे मिटून बोटानं चाचपायचे, आणि बहुतेक वेळा पहिल्याच टोचण्यात काम व्हायचं. याचा मला गर्व होता. असू नये असं म्हणतात, पण होता.

आणि या सगळ्या रुग्णांमध्ये जैवंता होती. मूल शहरापलीकडे जंगलातल्या गावची, पंचविशीतली, काटकुळी, फारशी न बोलणारी. चैत्रात मोहफुलं वेचायची, वैशाखात विड्यांसाठी तेंदूची पानं तोडायची. दोन्ही कामं उन्हातली, आणि ऊन म्हणजे तिच्या दुखण्याला आमंत्रण. डॉक्टर तिला दरवर्षी रागवायचे, उन्हात जाऊ नको, पाणी पीत राहा. ती मान हलवायची आणि मला हळूच म्हणायची, "सिस्टरबाई, पान तं याच महिन्यात येते. पावसाळ्यात ये म्हनलं तं येईन का ते?" टोचताना ती तोंड भिंतीकडे फिरवून डोळे घट्ट मिटायची. बाकी कळा सोसायची, ओरडायची नाही, पण सुई तिला बघवायची नाही.

तेव्हा हात बरा व्हायला हवा होता, आणि तो नुसता भाकरी थापण्यापुरता बरा होऊन चालणार नव्हतं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला मऊ चेंडू दिला आणि मुगाचे दाणे एकेक उचलायला सांगितलं. चेंडू मी दाबला. मूग मात्र चार दिवसांत नकोसे झाले. डाळ-तांदूळ निवडण्यात बायकांची आयुष्यं जातात, आता औषध म्हणूनही तेच निवडायचं, हे माझ्या स्वभावाला झेपेना. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला, सोनलला, मी फोनवर तसं सांगितलं. ती म्हणाली, थांब, मी काहीतरी पाठवते.

गुढी उतरवून ठेवली त्याच आठवड्यात खोकं आलं. मला वाटलं मणी असतील, भरतकाम असेल. निघाला प्लास्टिकचा रणगाडा, सुट्या तुकड्यांत. खोक्यावरच्या चित्रात तो गुडघाभर बर्फातून चालला होता. बाहेर आमचा चैत्र असा पेटलेला, की दुपारी कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला जीभ काढून पडलेली. मी सोनलला फोन लावला.

"अगं, हे काय पाठवलंस? मला लढाईवर जायचं नाही."

"फुलांचा संच पण होता आई, मोराचा पण होता. पण मोर तू अर्ध्यात फेकून दिला असतास. याला तू सोडणार नाहीस. दोघांपैकी एक जण हरेपर्यंत बसशील."

मुली आईला ओळखतात, आणि वर ते बोलूनही दाखवतात.

आज मागे वळून पाहते तेव्हा हसू येतं, की पहिलीच चूक माझ्या शिस्तीनं केली. दवाखान्याची सवय अशी, की कामाआधी ट्रे लावायचा. सुई, कापूस, चिकटपट्टी, सगळं हाताशी मांडून मगच रुग्णाला हात लावायचा. रणगाड्याचे तुकडे प्लास्टिकच्या चौकटींना बारीक देठांनी चिकटलेले होते. मी एका सकाळी बसून सगळेच्या सगळे कापून काढले, स्टीलच्या वाट्यांमध्ये छान मांडले, रिकाम्या चौकटी मोडून कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. मग कृतीचा कागद उघडला. त्यात शब्द नव्हतेच, नुसते बाण आणि आकडे. तुकड्यांवर आकडे शोधू लागले तर एकावरही नाही. आकडे होते चौकटींवर, आणि चौकटी तोवर गावाबाहेर पोचल्या होत्या.

संध्याकाळी हे घरी आले. हे बल्लारपूरच्या कागद कारखान्यात; सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळच्या गाडीनं यायचे, आणि घरी आल्याबरोबर हातपाय धुऊन कूलरसमोर बसायचे. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर वाट्याच वाट्या पाहून म्हणाले, "आज पाहुणे हायत का कोनी?"

"रणगाडा आहे."

त्यांनी एक वाटी उचलून आत पाहिलं. "हे शिजते कितीक वेळात?"

मी वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली. पुढचे कित्येक दिवस मी तेच केलं जे मला करायचं नव्हतं: निवडणं. हा तुकडा चाकाचा की चाकाच्या झाकणाचा, हा हूक पुढचा की मागचा, चित्राशी एकेक ताडून पाहायचं. मूग नको म्हणाले आणि मुगाहून चिवट काहीतरी नशिबी आलं. पण एक झालं. कुणाची आज्ञा म्हणून नव्हे, तर मी स्वतःच घातलेला घोळ निस्तरायचा म्हणून ही बोटं कामाला लागली, आणि आपल्या घोळापुढे माणूस कंटाळत नाही.

एक नियम मी स्वतःला घालून घेतला. सगळं उजव्या हातानं करायचं. डावा हात फक्त धरायला. चिमट्यात चाक पकडायचं, नख घासायच्या कानसीनं त्याची कड साफ करायची, डिंकाचा थेंब लावायचा, जागेवर बसवायचं. हा डिंक पाण्यासारखा पातळ असतो. तो चिकटवत नाही, दोन्ही बाजू किंचित वितळवतो आणि त्या एकमेकींत मिसळून जातात. हाड असंच जुळत असावं असं मला मनगटाकडे बघून वाटायचं. पहिलं चाक तिरकं बसलं. दुसऱ्यावर माझ्या बोटाचा ठसा उमटला, तो अजून आहे. पुढच्या चाकाला अंगठा इतका थरथरला की ते उडून कूलरच्या वाऱ्यात सापडलं आणि थेट दिवाणाखाली गेलं.

तेव्हापासून काम करताना कूलर बंद. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून खिडक्या लावून बसणं हा काय प्रकार आहे, ते इथल्या माणसालाच कळेल. घामाचे थेंब तुकड्यांवर पडू नयेत म्हणून मी कपाळाला ओढणी बांधायचे. रविवारी हे घरी असले की त्यांचाही कूलर बंद.

"भट्टीत बसून लोखंड जोडून राह्यली का तू?" ते बनियनवर बसून वर्तमानपत्रानं वारा घेत विचारायचे. "अन् डावा हात काऊन नाई लावत? एका मिनिटात होते."

"डाव्या हातानं मी शीर धरत नाही."

ते उठले, वर्तमानपत्राची घडी केली आणि मला वारा घालू लागले, वाऱ्यानं तुकडे उडणार नाहीत इतक्या बेतानं. हा माणूस माझी थट्टा करतो म्हणून मी त्याच्यावर रागावते, पण असल्या आठवणी निघाल्या की तो राग टिकत नाही.

मोहफुलांचा बहर ओसरत आला असेल तेव्हा कमलचा फोन आला. कमल माझ्यासोबतची नर्स, माझ्यापेक्षा लहान, मनानं हळवी. जैवंता दाखल झाली होती. "ताई, शीरच नाही मिळाली. दोन्ही हात झाले, मनगटं झाली, शेवटी पायाला लावलं. तिनं कुरकुर केली नाही, पण तुम्हाला विचारत होती." मी जेवत होते. ताट सरकवलं आणि रिक्षा करून दवाखान्यात गेले.

जैवंता उशीला टेकून बसली होती. दोन्ही हात कोपरापासून खाली निळे-जांभळे. सोबत तिची आई, फडक्यात बांधलेली सुकी मोहफुलं घेऊन आलेली. ती गाठ तिनं मला न विचारता माझ्या पिशवीत घातली. जैवंतानं माझा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक वाकवून पाहिली. नर्स ती आणि रुग्ण मी, असा थाट.

"बरा नाई झाला अजून," ती म्हणाली.

"होईल."

"कवा?"

"पानं तुटून व्हायच्या आत."

हे मी कशाच्या जोरावर म्हणाले, कोण जाणे. तिनं माझा हात सोडला. "मंग मी सोसतो तवापर्यंत," ती म्हणाली, आणि पायाला लावलेल्या सलाईनकडे न बघता भिंतीकडे तोंड करून झोपली. घरी येताना रिक्षात माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त होतं, आणि संताप दुसऱ्या कुणावर नव्हता, त्या दोन बोटांवर होता.

रणगाड्याच्या पट्ट्याचं काम त्यानंतरचं. सोनलनं नवशिक्यांसाठी नसलेला संच पाठवला होता, हे तिला स्वतःलाच नंतर कळलं. सोप्या संचांमध्ये चाकांवरून फिरणारा पट्टा अखंड रबराचा असतो, नुसता गुंडाळायचा. आमच्या पट्ट्याच्या कड्या सुट्या होत्या, तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, आणि एकीत एक अडकवायच्या. ती फोनवर हळहळली, "आई, दुसरा पाठवू का?" मी म्हटलं, राहू दे. मी रोज सकाळी ह्यांची गाडी गेली की बसायचे आणि उन्हं खिडकीच्या गजावर येईपर्यंत कड्या जोडायचे. पहिल्या दिवशी जेमतेम बोटभर पट्टा झाला, आणि उचलताना तो तुटला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायची सोयही नव्हती, कारण अंगण सरळच होतं, हात वाकडा होता. पण एके सकाळी माझ्या लक्षात आलं, की बराच वेळ मी हाताकडे पाहिलेलंच नाही. मी कडीकडे पाहत होते. हात आपलं आपलं काम करत होता.

रंग देणं हा आणखी निराळा मामला. पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा पातळ हात, भिंतीला चुना देतात तसं. पण आमच्या हवेत रंग कुंचल्यावरच वाळायचा; डबीतून रणगाड्यापर्यंत पोचायच्या आत कुंचल्याची काडी व्हायची. म्हणून मी पहाटे उठून, कावळे बोलायच्या आत रंगवू लागले. हिरवा रंग चढत गेला तसा टेबलावरचा पसारा अचानक एक वस्तू झाला. तिला वजन आल्यासारखं वाटलं. मी ह्यांना उठवून दाखवला. त्यांनी डोळे चोळत पाहिलं, वरचा गोल बुरूज बोटानं फिरवून पाहिला, तोफ माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "आता तं तुह्याशी भांडनं कठीन हाय."

आणि मग मी ते केलं, जे आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईनं केलं असतं.

वैशाखात आमच्या गच्च्या म्हणजे कुरड्या, सांडगे, पापड, तिखटासाठी पसरलेल्या मिरच्या. ओली वस्तू दिसली की ती वर उन्हात नेऊन टाकायची, हे हातात भिनलेलं. शेवटचा हात दिलेला रणगाडा नीट कडक वाळावा म्हणून मी तो स्टीलच्या ताटात ठेवला आणि गच्चीवर नेला. शेजारच्या मंदाबाईंनी गव्हाच्या चिकाच्या कुरड्या घातल्या होत्या, त्यांच्या प्लास्टिकशेजारीच जागा केली. एवढ्यावर भागलं असतं. पण कोळशाची काजळी ओल्या रंगावर बसू नये म्हणून वरून काचेचा मोठा वाडगा पालथा घातला. ऊन दाखवलेल्या मुरंब्याला काच झाकतात तशीच. खाली तापलेलं ताट, वर काच, आणि मध्ये बिचारं प्लास्टिक. मी निश्चिंतपणे खाली येऊन दार लावून झोपले.

चार वाजता मंदाबाईंची हाक आली. कुरड्या उलटायला त्या वर गेल्या होत्या.

"रेखाबाई, वर या वो जरा. तुमच्या तोफेनं मान टाकली."

खरंच टाकली होती. तोफेची नळी बुरुजातून निघून दोन बोटं सरळ गेली होती आणि पुढे खाली वाकून ताटाकडे बघत होती. एक बाजू फुगली होती. मंदाबाईंच्या हातात कुरडई तशीच राहिली. "आता वं माय," त्या म्हणाल्या, "कुरडई तं अशी नाई होत." मला हसूही येईना. रंगाला गच्चीवर नेणारी मीच, काच झाकणारी मीच. वाकलेली तोफ मी गरम पाण्यात धरून सरळ करायला गेले, तर ती मधोमध तुटली.

संकटं जोडीनं येतात. त्याच संध्याकाळी मेट्रनबाईंचा फोन आला. त्या वाईट नव्हत्या, उलट माझ्याबद्दल त्यांना माया होती. म्हणाल्या, "रेखा, स्टोअरला जागा रिकामी होते आहे. औषधं मोजायची, द्यायची. बसून काम, डोक्यावर पंखा. तुझ्या हाताला त्रास नको. आता वॉर्डात धावण्याचं तुझं वयही नाही. मी तुझं नाव सुचवू का?" प्रश्न मायेचा असला की त्याला नाही म्हणायला जास्त बळ लागतं. मी म्हटलं, आठवडाभरानं सांगते.

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "स्टोअर बी वाईट नाई. तुले आराम भेटन." मी तुटक्या तोफेच्या रणगाड्याकडे पाहत बसले. त्या क्षणी मला दोन्ही गोष्टी एकच वाटत होत्या. तोफ नसलेला रणगाडा म्हणजे पट्ट्यावर चालणारी पेटी. कुणी तिला वाईट म्हणणार नाही. पंख्याखाली ठेवली तर आरामात राहीलही. मला ते नको होतं, इतकं साधं होतं.

सोनल फोनवर पुन्हा म्हणाली, नवा पाठवते. मी म्हटलं, नवा आणलास तर मी घरात घेणार नाही. हाच पुरा होईल.

तोफ अखेर दवाखान्यातूनच आली. रबरी नळीवर सुई टोचायचा सराव करावा म्हणून मी कमलकडे मुदत संपलेल्या, न वापरलेल्या सुया मागितल्या होत्या. त्यांत एक लांब सुईचं पाकीट होतं, पाठीच्या कण्यात भूल द्यायला वापरतात ती. तिचं टोपण चांगलं लांब, एका टोकाकडे निमुळतं होत गेलेलं. मी ते काढून बाजूला ठेवलं, आणि ठेवता ठेवता हात थांबला. इतकी वर्षं मी अशी टोपणं काढून टाकत आले होते, आणि एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. बुरुजातला तुटका खुंट कानसीनं घासला, टोपण त्यावर सरकवलं, पक्कं केलं, दोन हात रंग दिला. या वेळी घरातच वाळवलं. मूळच्यापेक्षा तोफ थोडी बारीक झाली, पण मान ताठ.

मग उरला शेवटचा तुकडा, मागच्या बाजूची दोर अडकवायची कडी, तिळाएवढी. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. मनाशी ठरवलं होतं, ही न थरथरता बसली तर वॉर्ड, नाही तर मेट्रनबाईंना होकार. रविवारी कूलर बंद केला, कपाळाला ओढणी बांधली, चिमट्यात कडी धरली. पहिल्या वेळी पडली. दुसऱ्या वेळी अंगठा हलला, मी स्वतःच हात मागे घेतला. मग एकदम आठवलं, की शीर शोधताना मी श्वास सोडून टोचायचे, धरून नव्हे. इतके दिवस मी रणगाड्यापुढे श्वास कोंडून बसत होते. श्वास सोडला. कडी बसली. मी चिमटा खाली ठेवला, कूलर लावला आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसून मनसोक्त रडले. स्वयंपाकघरातून हे बाहेर आले, पाहिलं, आणि माठातलं पाणी आणून दिलं.

मेट्रनबाईंना मी नाही म्हणाले. त्या थोड्या दुखावल्या, पण वॉर्डात घेतलं.

लढून आलेला दिसावा म्हणून लोक रणगाड्यावर मातीच्या, काजळीच्या विकतच्या पुड्या फासतात, असं सोनल सांगते. मला ते कधी करावं लागलं नाही. आमच्या खिडकीत ठेवलेली कुठलीही वस्तू आठवडाभरात लढून आल्यासारखी दिसते. आज फ्रिजवर ठेवतानाही माझी बोटं काळी झाली. ती काजळी मी कधी पुसली नाही. मनगट अजून थंडीत दुखतं, तेही मी चालवून घेते.

पण सांगायचं ते त्या उन्हाळ्याच्या शेवटाबद्दल.

कामावर पहिल्याच दिवशी मी रणगाडा जेवणाच्या मोठ्या डब्यात घालून, खाली कापूस पसरून नेला होता. कमलला दाखवायचा होता. तेंदूची पानं तुटून होत आली होती. दुपारी वॉर्डात गडबड झाली, आणि स्ट्रेचरवर जैवंता. ओठ सुकलेले, गुडघे पोटाशी घेतलेले. तिच्या आईच्या हातांना अजून पानांचा हिरवा-काळा चीक. डॉक्टर म्हणाले, लगेच सलाईन. कमलनं ट्रे लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले.

जैवंतानं डोळे उघडले. मला ओळखलं. पण हात पुढे केला नाही, पोटाशी धरून ठेवला.

"झाला का बरा?"

"झाला."

"कशावरून?"

प्रश्न रास्त होता. तो विचारायचा हक्क तिच्याइतका कुणालाच नव्हता. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणायला हातावर अजून काही घडलेलं नव्हतं. मी कमलला डबा आणायला सांगितला. रणगाडा काढून जैवंताच्या उशाशी ठेवला आणि म्हटलं, "हा मी केला. या हातानं. एकटीनं."

कळ येत होती, तरी तिनं मान वळवून पाहिलं. एका बोटानं पट्ट्याच्या कड्या चाचपल्या. फुगलेल्या बाजूवरून बोट फिरवलं. मग तोफेपाशी थांबली. सोनलला ते फोटोत कळलं नव्हतं, ह्यांना घरात कळलं नव्हतं, डब्यातून काढताना कमललाही कळलं नव्हतं.

"बाई," जैवंता म्हणाली, "हे तं सुईचं टोपन हाय."

"हो."

ती हसली. त्या अवस्थेत, सुकल्या ओठांनी हसली. आणि पोटाशी धरलेला हात हळूहळू सोडून माझ्यासमोर लांब केला.

मी तिच्या दंडाला रबरी पट्टा बांधला. डोळे मिटून चाचपलं. जुन्या टोचण्यांच्या गाठी, त्यांच्या मध्ये, खोल, एक शीर होती, दोऱ्यासारखी. मी श्वास सोडला आणि सुई आत घातली. सुईच्या मागच्या पारदर्शक कुपीत रक्ताचा लाल ठिपका आला, शीर मिळाली.

वर पाहिलं. जैवंताचं तोंड भिंतीकडे नव्हतं. तिचे डोळे उघडे होते, आणि ती माझा हात बघत होती.